वाचलो रे वाचलो

पांढरकवडा
६ जुलै २०२५

दादा, जयभीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र वहिनीच्या हातात देशील आणि ‘ठेव तिकडे’ म्हणशील, हे मला ठाऊक आहे. पण संध्याकाळपर्यंत तुला राहवणार नाही. लिहिलेलं काही न वाचता टाकून देणं तुला जन्मात जमलं नाही. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा तू सरळ करून वाचतोस. फोन मात्र उचलत नाहीस. म्हणून पत्र.

नवरा गेल्यावर मी तुझ्या घरी येऊन राहिले नाही, इथल्या वाचनालयाची नोकरी धरली, याचा राग तुझ्या मनातून गेला नाही. असू दे. राग हे आपल्या घरातलं जुनं भांडं आहे, कोणी मोडीत घालत नाही. मला आज तुझ्याकडून एक वेगळीच गोष्ट हवी आहे. लाजायचं नाही असं ठरवून लिहिते आहे.

आमच्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी पोरांची पुस्तक-चर्चा असते. म्हणजे कागदावर असते. ‘चर्चा’ म्हटलं की पोट्टे असे बसतात, जणू पोलीस पाटलानं चौकशीला बोलावलं आहे. मी विचारते, या गोष्टीतून काय बोध मिळाला? गॅरेजवाल्या रहमतभाईंचा नौशाद परवा म्हणाला, “मले नाही भेटला मॅडम. पुस्तकातून खाली सांडला असन.” सगळे हसले, आणि मीही हसले. त्या दिवशीच्या चर्चेतला तेवढाच क्षण जिवंत होता. आमचे सचिव सदाशिवराव म्हणतात, पोरं येत नसतील तर बंद करा, त्या वेळात पेपर वाचणाऱ्यांना खोली मोकळी मिळेल.

तुझ्या वावरातल्या सालदाराचा, उत्तमसिंगचा पोरगा रूपसिंगही येतो. तेरा वर्षांचा, अंगानं काडी. सायकलवर येतो, मागच्या रांगेत बसतो, बोलत नाही. पण पुस्तक परत देतो तेव्हा त्याची पानं जरा जाड झालेली असतात. पुस्तक खरंच वाचलं गेलं की ते तसं फुगतं.

तर माझं मागणं हे. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की गावातली माणसं चढाओढीनं झडत्या म्हणायची, यमकं जुळवून कोणाचीही टर उडवायची, आठवतं? तू सहावीत असताना पाटलाच्या फटफटीवर झडती रचून म्हटली होतीस. सगळं गाव पोट धरून हसलं. बाबा भीतीनं पांढरे पडले, पण पाटील स्वतःच म्हणाले, “पोळ्याच्या झडतीचा राग धरत नसते कोनी.” माझ्या मनात आलं आहे की पोरांना पुस्तकातल्या माणसांवर झडत्या रचायला लावाव्यात. राजा असो, राक्षस असो, उडवा त्याची. तुला जुन्या आठवत असतील तर लिहून पाठव. पोरांना चाल कळेल.

दीपा


पांढरकवडा
३ ऑगस्ट २०२५

दादा,

तू काही पाठवलं नाहीस. तुझ्यावाचून अडलं मात्र नाही, हे कळवायलाच लिहिते आहे.

पहिली झडती नौशादचीच. शिकारी राजाची गोष्ट होती. पोरगा टेबलावर चढला, हात वर केला आणि ओरडला:

“राजा निंगाला शिकारीले, मिशीले देऊन पीळ,
वाघ दिसला समोर, तं धुंडे उंदराचं बीळ!”

सदाशिवराव आतून ‘कोण ओरडतं ते’ म्हणत आले आणि दारातच थांबले. दुसरी ऐकली, तिसरी ऐकली, मग खुर्ची ओढून बसले. ते गेले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं होतं. बंद करायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

नियम पोरांनीच केले. पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय झडती नाही. थाप मारताना सापडला, तर त्यानं घुंगरमाळ घालून गुडघ्यांवर खोलीभर बैल व्हायचं. गोविंदा दोनदा बैल झाला. तिसऱ्या शनिवारी येताना पुस्तक पाठ करून आला. झडतीच्या शेवटी देवाचा जयजयकार असतो, तिथं जरा अडचण होती. आपले बाबा त्या ओळीला बैलाच्या पाठीवर हात ठेवून गप्प उभे राहायचे. नौशादलाही ती म्हणता येईना. मग सगळ्यांनी मिळून आपलीच ओळ लावली: “पुस्तक मोठं, दिवस छोटा, बोला पोट्टेहो, वाचलो रे वाचलो!”

निवृत्त झालास तरी मास्तरच तू, आता तुझा हात छडीकडे गेला असेल. ‘मी पुस्तक वाचलो’ असं आपल्याकडे सगळेच म्हणतात, आणि लहानपणी त्यावरून तू माझ्या बोटांवर किती पट्ट्या मारल्यास ते मी मोजलेलं नाही. ‘वाचलं म्हण. वाचलो म्हणजे मेलो नाही.’ मीही पोरांना तेच सांगायला गेले. नौशादचे डोळे चमकले. “म्हंजे पुस्तक वाचलं तं मानूस मरत नाही?” तेव्हापासून ‘वाचलो’ हाच आमचा परवलीचा शब्द झाला. दारात यायचं आणि ओरडायचं, “वाचलो!” आतले विचारणार, “कशावरून?” मग त्यानं झडती म्हणायची आणि आत यायचं. शब्द चुकला आहे हे मला कळतं, दादा. पण तो ऐकायला मी शनिवारची वाट पाहते.

आणि रूपसिंग! मागच्या रांगेतून उठला आणि राक्षसाच्या पोटावर अशी झडती म्हणाला की बाकीचे लोळले. त्यानंतर तो थांबतच नाही. घरी आपल्या याडीला, म्हणजे जमनीबाईला, गोष्टी वाचून दाखवतो. ती मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, “बाई, पोट्टं झोपीतबी झडत्या म्हनून राह्यलं.” तक्रारीच्या सुरात म्हणाली, पण हसत होती.

दोन विनंत्या आहेत. तेवीस तारखेला शनिवार आहे आणि तान्हा पोळाही आहे. पोरं लाकडी बैल घेऊन येतील, मोठी बैठक होईल. तू ये. पाटलावरची ती झडती म्हणून दाखव. दुसरी, उत्तमसिंग म्हणाला की आता वावरात कामाचा लोंढा आहे, शनिवारी रूपसिंगला ठेवून घ्यावं लागेल. त्याला तेवढी एक दुपार सोडायला सांग. तू शब्द टाकलास तर तो नाही म्हणणार नाही.

दीपा


पांढरकवडा
२४ ऑगस्ट २०२५

दादा,

आला नाहीस. खुर्ची ठेवली होती, तिच्यावर शेवटी एक लाकडी बैल बसवला.

पण तू रूपसिंगला पाठवलंस, त्याबद्दल खरंच बरं वाटलं. आणि काल त्यानं जे केलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पुस्तक होतं एका खेड्यातल्या शिस्तीच्या मास्तराचं. रूपसिंग उभा राहिला, पोटावर हात बांधले, मान जराशी तिरकी केली आणि म्हणाला:

“मास्तर मोठा ग्यानाचा, चष्मा नाकावर,
‘मले’ म्हनलं का छडी मारे बोटाच्या टोकावर!
वावरात गेला छत्री घेऊन, बोंडाले म्हने ‘फूट’,
बोंड म्हने, मास्तर आधी पायातला काढ बूट!”

दादा, पुस्तकातल्या मास्तराला वावर नव्हतंच! छत्री नव्हती, बूट नव्हते. मला कळायला थोडा वेळ लागला, आणि मग मी इतकी हसले की सदाशिवरावांनी पाणी आणून दिलं. कपाशीच्या पऱ्हाटीत बूट घालून जाणारा या पंचक्रोशीत एकच माणूस आहे. मान तिरकी केली तेव्हा तर हुबेहूब तूच. पोरगं किती बारीक बघतं! तू नोकरीत असतास आणि हा तुझ्या वर्गात असता, तर त्याचं काय झालं असतं या विचारानं पुन्हा हसू येतं.

रागावू नकोस. तान्हा का होईना, पोळाच होता.

दीपा

ता. क. रूपसिंगनं या वेळी जाड पुस्तक नेलं आहे, समुद्रावर भरकटलेल्या एका पोराचं. इतकं जाड त्यानं आजवर नेलं नव्हतं. मला बजावून गेला, “मॅडम, शेवट कोनाले सांगजा नोका.”


पांढरकवडा
१४ सप्टेंबर २०२५

दादा,

माझं मागचं पत्र परत आलं. लाल शाईनं तपासलेलं! माझ्या तीन ऱ्हस्व-दीर्घांच्या चुका काढल्यास, झडतीतल्या ‘मले’खाली दोन रेघा मारल्यास आणि शेजारी ‘अशुद्ध’ लिहिलंस. बाकी एक शब्द नाही. मी ते पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. वाटलं, लाल शाईनं का होईना, दादा बोलला.

आज तो आनंद राहिलेला नाही.

रूपसिंग दोन शनिवार आला नाही. काल गोविंदाकडून कळलं की तो तुझ्या वावरात फवारणीला जातो. मी ऑटो करून तांड्यावर गेले. उत्तमसिंग बाजेवर पडून होता, बैलाच्या खुराखाली पाय चेंगरला आहे त्याचा. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, “मी मास्तरले म्हनलो बाई, दुसरा गडी पाहा, मी पैसे कापून देतो. मास्तर म्हनले, झडत्या रचाले टाइम हाय तुह्या पोट्ट्याले, तं पंपबी उचलते तो.”

हे तूच म्हणालास ना? उत्तमसिंगच्या डोक्यात असलं वाक्य येत नाही. त्याच्या बोलीत ऐकलं तरी मूळ तुझंच आहे, नीट जुळवलेलं, व्याकरणशुद्ध.

ती झडती त्यानं बंद खोलीत म्हटली होती. तुझ्यापर्यंत ती पोचवली मी. माझ्या अक्षरात, हसत हसत. गावात कोणालाही ती ठाऊक नव्हती. मला वाटलं होतं, पाटलानं तुला माफ केलं तसं तू त्याला करशील. पाटील शिकलेला नव्हता, हे मी विसरले.

आता ऐक. या वर्षीची पऱ्हाटी त्याच्या डोक्याच्या वर गेली आहे. मोठा माणूस फवारतो तेव्हा औषध झाडावर पडतं. हा फवारतो तेव्हा त्याच्या तोंडावर पडतं. आपण त्या विषाला औषध म्हणतो म्हणून ते औषध होत नाही. तोंडाला बांधायला त्याच्याकडे जमनीबाईच्या जुन्या ओढणीचा तुकडा आहे. मी तांड्यावर असतानाच तो वावरातून परतला. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, अक्षरं दोन दोन दिसतात, असं मला म्हणाला. पुस्तक तरीही वावरात नेतो, दुपारच्या भाकरीच्या वेळी बांधावर, धुऱ्यावर बसून वाचतो. मला पाहून ओशाळला. “मॅडम, अजून वाचलो नाही. थोडं राह्यलं. पुढच्या शनिवारी येतो.”

मी त्याला तिथून उचलून आणायला हवं होतं. जमनीबाई म्हणाली, “सालदारकी गेली तं खाऊ काय, बाई? तुमी मास्तरले सांगा, तुमचा भाऊ हाय.” म्हणून तुला सांगते आहे. दादा, मी पाया पडते. त्याला काढ त्या कामातून. कायद्यानंही हे चालत नाही, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझ्यावर राग आहे ना? मग माझ्यावर काढ. मी नोकरी सोडून तुझ्या घरी येते, चूल सांभाळते, तू म्हणशील तशी राहते. पोराला सोड.

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. उद्या सकाळी गोविंदाच्या हाती देते आहे.

दीपा


यवतमाळ
२२ सप्टेंबर २०२५

दादा,

गोविंदानं पत्र तुझ्या हातात दिलं होतं. तू ते उभ्यानं वाचलंस आणि घडी करून खिशात ठेवलंस, हेही त्यानं सांगितलं.

परवा शनिवारी दुपारी रूपसिंग तुझ्या वावरात पडला. उलट्या, तोंडाला फेस, घामानं अंग भिजलेलं. उत्तमसिंग लंगडत गाडी शोधत फिरला. तुझी गाडी अंगणात होती. वहिनीनं तुला न विचारता किल्ली दिली म्हणून ती मिळाली. वहिनीला माझा जयभीम सांग.

इथं सरकारी दवाखान्यात त्याच्या नाकातोंडात नळ्या आहेत. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या आहेत. डॉक्टर येतात, बघतात, जातात. जमनीबाई आणि मी बाहेरच्या बाकावर बसून असतो. तिच्या पिशवीत ते पुस्तक आहे. वावरातून पोराला उचललं तेव्हा धुऱ्यावरून तिनं तेही उचललं, कारण ते वाचनालयाचं आहे, हरवलं तर बाई काय म्हणतील! पुस्तकाला औषधाचा वास येतो.

आज सकाळी नळी थोडा वेळ काढली होती. आम्हाला आत सोडलं. त्यानं डोळे उघडले. त्याला नीट दिसत नव्हतं, पण माझा आवाज ओळखला असावा. ओठ हलले. जमनीबाई वाकली. तो स्पष्ट म्हणाला, “वाचलो.”

जमनीबाईनं माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. “वाचलो म्हने बाई! माहा रूपा वाचला!” शेजारच्या खाटेवरच्या बाईनं हात जोडले. नर्ससुद्धा हसली. उत्तमसिंग भिंतीला टेकून खाली बसला आणि ढसाढसा रडला. त्या सगळ्यांच्या मध्ये मीही रडले.

डॉक्टर म्हणतात, अजून काही सांगता येत नाही.

दीपा


पांढरकवडा
५ ऑक्टोबर २०२५

प्रफुल्ल मास्तर,

रूपसिंग चोवीस तारखेला गेला, हे तुम्हाला कळलंच आहे. तांड्यावर तुम्ही आला नाहीत, पण दसऱ्याला दरवर्षीप्रमाणे नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आलात, असं वहिनी म्हणाली. तिथं प्राणिमात्रांवरच्या दयेची प्रतिज्ञा तुम्ही कशी म्हटलीत ते मला विचारायचं नाही. आपल्या बाबांनी आयुष्यभर दुसऱ्याचे बैल हाकले आणि आपल्या दोघांना पाटी दिली. गावात कुणी त्यांना म्हणालं होतं, पोट्टं दांडगं हाय तुमचं, कामाले लावा. बाबांनी लावलं नाही. म्हणून तुम्ही मास्तर झालात. हे तुम्हाला लाल शाईनं तपासून पाहता येईल.

पोलीस आले तर सगळं सांगायचं असं मी उत्तमसिंगला म्हटलं आहे. तो घाबरतो. मी घाबरत नाही. काचेखालचं तुमचं तपासलेलं पत्र मी काढून ठेवलं आहे आणि विचारतील तिथं दाखवणार आहे.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नाही. जमनीबाईला तर मरेपर्यंत सांगणार नाही. तुम्हाला सांगते, कारण जगात ती कळण्याइतकं व्याकरण तुमच्याकडेच आहे.

त्या सकाळी तो ‘वाचलो’ म्हणाला ते जीव वाचला म्हणून नाही. त्याला आपण कुठं आहोत हेही कळत नव्हतं. माझा आवाज आला, त्याला वाटलं शनिवार आहे, आपण वाचनालयाच्या दारात उभे आहोत. त्यानं परवलीचा शब्द म्हटला. पुस्तक संपलं होतं त्याचं. म्हटल्यावर तो थांबला होता, मास्तर. ओठ अर्धवट उघडे ठेवून, मान किंचित तिरकी करून. आतल्यांनी ‘कशावरून?’ विचारायचं असतं, त्याची वाट पाहत होता. झडती तयार असणार त्याच्याकडे, समुद्रावरच्या त्या पोराची. पण त्याची आई आनंदानं रडत होती, सगळा वॉर्ड हात जोडून उभा होता. त्यांच्यासमोर मला तो एक शब्द विचारवला नाही. मग नर्सनं नळी परत घातली.

ती झडती काय होती, हे आता कोणालाच कळणार नाही. मी ते पुस्तक परत परत वाचून पाहिलं. वास तसाच आहे.

जमनीबाई अजून म्हणते, “मरनाआधी एकडाव वाचला होता माहा रूपा. सोता सांगतलं त्यानं.” मी हो म्हणते.

काल शनिवार होता. मला वाटलं होतं कोणी येणार नाही. दुपारी बाहेर सायकली वाजल्या. पोरं दारापाशी येऊन थांबली, एकही आत येईना. मी आत बसून होते. शेवटी नौशादनं डोकं आत घातलं. डोळे सुजलेले होते.

“मॅडम, आता काय म्हनाचं?”

मी म्हटलं, “वाचलं म्हण, बेटा.”

तो म्हणाला, “वाचलं.” त्याच्यामागून एकेक पोरगा तसंच म्हणत आत आला. हळू आवाजात, खाली मान घालून, अगदी शुद्ध. कोणी ‘कशावरून?’ विचारलं नाही. मग सगळे रांगेत बसले आणि मी पुस्तक उघडून विचारलं, या गोष्टीतून काय बोध मिळाला?

दीपा